पिल्लासाठी लातूर पॅटर्न

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की आठवड्याभरात घरातल्या सगळ्यांचं एका मुद्द्यावर एकमत होतं: पिल्लू हुशार आहे, फक्त ऐकत नाही. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. दोन महिन्यांच्या पिल्लाचा स्वतःच्या मूत्राशयावर ताबा नसतो, तिथे तुमच्या आवाजाचा कुठून चालणार? ढोबळ हिशेब असा, की पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास, फार तर वर एखादा, ते कळ काढू शकतं. त्यानंतर जे होतं त्याला बेशिस्त म्हणणं म्हणजे भरलेली टाकी वाहिली म्हणून टाकीला रागावणं. तेव्हा या कामात पिल्लाला शिकवण्यासारखं थोडं आणि घराला वळण लावण्यासारखं बरंच आहे, हेच प्रस्तुत मार्गदर्शनाचं म्हणणं. त्यासाठी परदेशी प्रशिक्षकांचे व्हिडिओ पाहत जागायची गरज नाही. पद्धत आपल्याच लातूर-नांदेड जिल्ह्यांत तयार आहे, फक्त आजवर ती बारावीच्या पलीकडे कुणी नेली नाही.

ही पद्धत म्हणजे बारावीच्या अभ्यासाचा लातूर पॅटर्न. त्याचा गाजावाजा झाला तो गुणवत्ता यादीतल्या नावांमुळे, पण त्याचं गमक मुलांच्या असामान्य बुद्धीत कधीच नव्हतं. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात जे घडलं ते साध्या घरांतल्या, खेड्यांतून आलेल्या मुलांच्या बाबतीत घडलं. ठरलेलं वेळापत्रक, त्याच त्या सरावपरीक्षा, चूक झाली की लगेच उजळणी आणि विद्यार्थ्याइतकेच राबणारे मास्तर. त्या महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यामुळे या विद्येवर दोन्ही जिल्ह्यांचा सारखाच हक्क आहे. आता हाच अभ्यासक्रम पिल्लाला लावा. झोपून उठलं की बाहेर. खाल्लं की पंधरा-वीस मिनिटांत बाहेर. खेळून दमलं की बाहेर, निजण्याआधी बाहेर, आणि पहिले काही आठवडे रात्री गजर लावून एकदा बाहेर. जागा एकच, दरवाजा एकच, शब्दही एकच. आजोबांनी ‘चल शू’ म्हणायचं, नातवाने ‘कम ऑन’ आणि वहिनींनी नुसतंच ‘हं’, असं माध्यमांतर रोज झालं तर पिल्लू गोंधळणारच. जमिनीला नाक लावून ते गोल फिरू लागलं की परीक्षेची घंटा झाली समजा. काम उरकताच, तिथल्या तिथे, शाबासकी आणि उकडलेल्या अंड्याचा किंवा पनीरचा कण. निकाल लावायला दोन-चार सेकंदांपेक्षा उशीर करू नये. घरात येऊन, हातपाय धुऊन, डबा शोधून दिलेलं बक्षीस पिल्लाच्या लेखी घरात आल्याबद्दलचं असतं. (बक्षीस म्हणून मनुका मात्र देऊ नका. कुत्र्याला त्या विषारी ठरू शकतात.)

या पॅटर्नमध्ये मुलं रूम करून राहतात, तशी पिल्लालाही एक रूम लागते. अंग वळवता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढीच, मोठी नको. कुत्रं सहसा आपल्या निजायच्या जागी घाण करत नाही, आणि या कामात तुमच्या बाजूने असलेला निसर्गाचा नियम तेवढा एकच आहे. संपूर्ण टू बीएचके मोकळं दिलं की हा नियम निकामी होतो, कारण पिल्लाच्या नकाशात हॉल म्हणजे घर आणि पाहुण्यांची खोली म्हणजे शिवार. पण रूम म्हणजे कोंडवाडा नव्हे. तासन्‌तास आत डांबून ठेवलं तर नाइलाजाने तिथेच होतं, आणि एकदा तिथे झालं की तोही नियम गेला.

इथे जुनी मंडळी हरकत घेतात. आमच्या शेतावरच्या कुत्र्याला कुणी शिकवलं होतं? प्रश्न रास्त आहे. लातूर जिल्ह्यातला कारवान जातीचा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या आखाड्यावर वाढला. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत श्वान प्रदर्शन भरतं, तिथे अंगलट पाहतात, चाल पाहतात, पण हॉलमध्ये कसा वागतो हे विचारत नाहीत, कारण त्याला हॉल ठाऊकच नसतो. ज्याला सगळं रान मोकळं आहे त्याला चूक करायला जागाच उरत नाही. शेतावरच्या कुत्र्याला शिस्त होती असं म्हणण्यापेक्षा तिथे फरशी नव्हती असं म्हणणं अधिक खरं. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावर किंवा लातूरच्या औसा रोडवरच्या रो-हाउसमध्ये तोच दाखला देणं व्यर्थ आहे.

दुसरी हरकत शिक्षेची. नाक त्यात घासा, वर्तमानपत्राची गुंडाळी हाणा, पुन्हा करणार नाही. याचा पुरावा पिल्लाआधी माणसांत तपासता येतो. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. पुढे उघड्यावर शौचाला बसणाऱ्यांना रोखायला गावोगावी गुड मॉर्निंग पथकं निघाली. पहाटे बॅटरी, शिट्टी, टमरेल जप्त, कधी गांधीगिरी म्हणून गुलाबाचं फूल. परिणाम काय झाला? रस्त्याच्या कडेला बसणारे उठून बाभळीच्या आड गेले आणि पथक येण्याआधीची वेळ लोकांनी पाठ केली. सवय मोडली ती ज्या घराशेजारी संडास आला आणि त्यात पाणी आलं तिथेच. पिल्लूही मार खाऊन एवढंच शिकतं की या माणसासमोर करायचं नाही. मग ते सोफ्यामागे जातं, आणि बाहेर नेलं तरी तुमच्यादेखत करत नाही. शिवाय तासाभरापूर्वीच्या डबक्याचा आणि आताच्या धपाट्याचा संबंध त्याला लागत नाही. कान पाडून, शेपूट घालून बसलेलं पिल्लू ‘कळलं बरं त्याला’ असं वाटायला लावतं. त्याला कळलेलं असतं ते तुमच्या आवाजातलं चिडणं. करताना सापडलंच तर टाळी वाजवून थांबवा आणि उचलून जागेवर न्या. नंतर सापडलं तर फडकं घ्या आणि गप्प बसा.

फडक्यावरून पाण्याचा विषय निघतो, आणि तो लातुरात निघाला की माणसं गंभीर होतात. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा पिल्लाच्या प्रत्येक प्रतापावर बादली ओतणं कुणाला परवडणारं नाही, आणि सुदैवाने ते शास्त्रालाही धरून नाही. बादलीने मूत पसरतं. जुनी शहाबादी फरशी असेल तर ते सांध्यांत उतरून मुरतं, वरून कोरडी दिसणारी ती रेघ पिल्लू दुसऱ्या दिवशी बरोबर हुंगून काढतं. आधी रद्दी दाबून टिपून घ्या, मग साबणाच्या थोड्या पाण्याने सांधा घासा, आणि फरशी शहाबादी नसेल तरच शेवटी पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरचा हात फिरवा. वास मोडणारं एन्झाइमचं द्रावण मिळालं तर उत्तम. फिनेलने वास आपल्यापुरता जातो, कुत्र्याच्या नाकापुरता नाही. अमोनिया असलेलं क्लीनर तर मुताची जाहिरातच. मात्र याच पाणीटंचाईतून निघणारी एक युक्ती मुळीच करू नका: पिल्लाचं पाणीच कमी करणं. मराठवाड्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना हा जीवाशी खेळ आहे. निजायच्या तासभर आधी भांडं उचललं तर चालतं, दिवसा नाही.

जागा कुठली, हा प्रश्न उरतो. लसींचे डोस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावरचा कोपरा नको, पार्व्हो विषाणूचं भय असतं. तोवर गच्चीवर किंवा बाल्कनीत मातीचा ट्रे ठेवा, उन्हाळ्यात सावलीला, कारण तापलेली गच्ची पिल्लाचे तळवे भाजते. वर्तमानपत्रावर सवय लावाल तर पायाखालच्या कागदाचीच गोडी लागेल, आणि आजचा अंक व कालची रद्दी यांत पिल्लू भेद करत नाही. पुढे बाहेर नेऊ लागलात की शेजाऱ्याचं फाटक ही जागा धरू नका. पिशवी सोबत ठेवा आणि उचला. पॅटर्नमध्ये हा विषय ऐच्छिक नाही.

बहुतेक पिल्लं चार ते सहा महिन्यांत पास होतात, काहींना वर्ष लागतं. पास झालेलं पिल्लू अचानक पुन्हा जागोजागी थोडं थोडं करू लागलं तर त्याला रिपीटर बॅचला टाकू नका, पशुवैद्यांना दाखवा. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. आणि अंतिम निकाल हाती येईपर्यंत हॉलमधला गालिचा गुंडाळून माळ्यावर टाका.