पाठकोरे नाना

नानांच्या हातात कुठलाही कागद द्या, ते आधी तो उलटा करतात. लग्नपत्रिका असो, वीजबिल असो, नाहीतर सोसायटीच्या थकबाकीची नोटीस. मागची बाजू कोरी निघाली की चेहरा खुलतो. मग कागद सुलटा करून लग्न कोणाचं आहे ते सावकाश बघतात. मागेही छापलेलं असलं तर "वाया घालवला" म्हणतात, आणि त्या वधूवरांबद्दल त्यांचं मत कायमचं वाईट होतं.

असा एक माणूस बहुतेक घरांत असतो. आमच्या मजल्यावर तो मान सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या नानांचा. त्यांच्या उमेदीत कचेरीत संगणक आला आणि पाठोपाठ दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांबलचक, घड्याघड्यांचा कागद. इतरांना त्यात आपली नोकरी जाताना दिसली, नानांना नुसती पाठकोरी जागा. त्या कागदाच्या वह्या अजून पुरतायत, आणि कडेच्या पट्ट्या पोथ्यांमध्ये खुणेला आहेत. पुढे कागद वाचवा म्हणून परिपत्रकं येऊ लागली, तीही एकाच बाजूला छापलेली, टेबलागणिक एक. त्या मोहिमेचं नानांइतकं मनापासून स्वागत कोणीच केलं नसेल.

घरी आलेल्या कागदावर रीतसर संस्कार होतात. आधी पिना काढून डबीत. चुरगळलेला असेल तर आठवडाभर गादीखाली. खात्याचा किंवा आधारचा नंबर असलेला भाग फाडून त्याचे कपटे. नाना काटकसरी आहेत, भोळे नाहीत. मग चार तुकडे, दाभणाने भोक, सुतळीची गाठ, की पॅड तयार. ७५ जीएसएमचा ए-फोर कागद साधारण पावणेपाच ग्रॅम भरतो, हे त्यांना पाठ आहे. "रद्दीत याचं काय येणार? लिहिलं तर निदान हिशेब होतो!"

आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठीवर गांधीजी लिहीत, पाकिटं उसवून आतल्या बाजूलाही लिहीत, हा नानांचा हुकमी दाखला. त्यावर वहिनींचं उत्तर तयार असतं: "अहो, त्यांच्याकडे आश्रम होता. आपल्याकडे वन रूम किचन आहे."

नानांना खरा पेच पडतो तो पत्रिकेवरच्या गणपतीचा. पत्रिकेची जाड पाठ हवी, पण पुढचा गजानन कचऱ्यात कसा टाकायचा? त्यांनी तोडगा काढलाय. गणपती कातरून घ्यायचा आणि पुढच्या पॅडच्या पहिल्या पानावर चिकटवायचा. त्यामुळे त्यांच्या घरी दूधवाल्याचा हिशेबसुद्धा 'श्रीगजानन प्रसन्न'च्या आशीर्वादाने सुरू होतो.

मॉलमधली गुळगुळीत पावती मात्र ते बोटाच्या चिमटीत धरून परत करतात. त्या थर्मल कागदावरचा मजकूर काही महिन्यांत उडून जातो. "समोरचंच टिकत नाही, पाठीचा काय भरवसा?"

या छंदाने त्यांना एकदाच दगा दिला. किराण्याची यादी त्यांनी हाताला लागलेल्या कागदाच्या पाठीवर लिहिली आणि दुकानात दिली. दुकानदाराने सवयीने कागद उलटून पाहिला आणि भर गर्दीत विचारलं, "नाना, इकडे साखर दोन किलो लिहिलीय आणि मागे साखर दोनशे अठरा. देऊ ना?" तो नानांच्याच रक्ताचा रिपोर्ट होता, जो घरात अजून कोणाला दाखवला नव्हता. संध्याकाळपर्यंत तो वहिनींपर्यंत पोचला. तेव्हापासून चहा बिनसाखरेचा झालाय. नाना याचं खापर कागदावर फोडत नाहीत, दुकानदाराच्या चौकसपणावर फोडतात. आणि तेवढ्यासाठी कागद उलटून बघणारा दुसरा माणूस भेटल्याचं त्यांना आतून बरंही वाटलेलं असावं, असा माझा संशय आहे.

हल्ली वीजबिल फोनवर येतं, बँकेचं पासबुक ॲपमध्ये, आमंत्रण व्हॉट्सॲपवर, आणि यांतल्या कशालाच पाठ नसते. नानांचा साठा खालावत चाललाय. तेव्हा तुमच्या ऑफिसात प्रिंटरशेजारी चुकीच्या प्रिंटांचा ढीग पडत असेल, तर साहेबांना विचारून तो आमच्याकडे धाडा. न्यायला नाना स्वतः येतील. फक्त पिना आधी काढू नका; त्याही त्यांना लागतात.