दिवाळीची सुट्टी नसलेलं बोर्डिंग

जून उजाडला की पाचगणीत एक ठरलेला देखावा दिसतो. गाडीच्या डिकीतून ट्रंक उतरते, मागोमाग आईचा हात घट्ट धरलेलं पोर. ते भोकाड पसरतं आणि आम्ही गाववाले पाहून न पाहिल्यासारखं करतो. कारण दिवाळीच्या सुट्टीत हेच पोर घरी जाताना मित्रांच्या गळ्यात पडून रडणार, हे आम्हाला ठाऊक असतं.

टिलिकमच्या बोर्डिंगला दिवाळी नव्हती. १९८३ साली आइसलँडच्या समुद्रात हा ऑर्का पकडला, तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. एवढं पोर आमच्याकडचं बोर्डिंगही घेत नाही. त्यातून ऑर्काचा मुलगा म्हणजे जन्मभर आईची पाठ न सोडणारा, आपल्या एकुलत्या एका बाब्यालाही लाजवील असा. त्याला हौदात टाकलं. २०१७ च्या जानेवारीत तो मेला, तोवर तीन माणसांच्या मृत्यूत त्याचं नाव आलं होतं आणि २१ पिल्लांचा बाप म्हणूनही तो नोंदला गेला होता. मारक्या वळूकडे गाय न्यायची तर आपला शेतकरी दहादा विचार करतो. अमेरिकेत ऑर्कांचे खेळ करणाऱ्या सीवर्ल्डवाल्यांनी मात्र कृत्रिम रेतनासाठी याचंच रेत वापरलं.

शेवटी २०१६ साली त्यांनी ऑर्कांची पैदास बंद केल्याचं जाहीर केलं. आधीच पोटात असलेलं शेवटचं पिल्लू, कयारा, जन्मून तीन महिने जगलं.

अमेरिकेचं रडगाणं इथं कशाला? भायखळ्याच्या राणीबागेत १५ ऑगस्ट २०१८ ला पेंग्विनचं पिल्लू जन्मलं. मुहूर्त स्वातंत्र्यदिनाचा, पत्ता पिंजऱ्याचा. आठवडाभरात गेलं. पुढच्या पिल्लांना मराठी नावं द्या म्हणून आंदोलन झालं. अस्मितेला वातानुकूलित काचघर लगेच मानवतं.

आणि मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला राज्य सरकारचं तसलंच 'सी वर्ल्ड' येणारच होतं. दरम्यान मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढलं: डॉल्फिनचे खेळ बंद. त्यात डॉल्फिनला 'मानवेतर व्यक्ती' मानावं, या शास्त्रज्ञांच्या मताचा दाखला होता. (ऑर्काही डॉल्फिनच्याच कुळातला, त्यात सगळ्यात थोरला.) सरकारी कागदावर 'व्यक्ती' व्हायला आपल्याला आधार कार्ड लागतं, त्यांचं बिनकार्डाचं झालं! तरीही भूसंपादनाच्या गोष्टी चालूच राहिल्या. गावकरी जमिनीसाठी अडून बसले.

आमच्या टेबललँडवर पर्यटक वर येतो, चारी बाजूंना बघतो आणि विचारतो, "इथे बघायला काय आहे?" हाच गृहस्थ पुढच्या सुट्टीत मालवणला जातो. त्याला एवढंच सांगणं: देवबागला होडीत बसा. डॉल्फिन दिसले तर दिसले. नाही दिसले तर होडीवाल्याकडे पैसे परत मागू नका.