साडेसत्त्याण्णव मीटरची वसुली

सोलापुरात पहाटे पाचला माणूस पळताना दिसला, की पूर्वी दोनच शक्यता असायच्या: गाडी चुकतेय, नाहीतर कुत्रं मागं लागलंय. आता तिसरी निघाली आहे. साहेबांनी हाफ मॅरेथॉनला नाव घातलेलं असतं.

नवशिक्याची तयारी पायांपासून नव्हे, मनगटापासून सुरू होते. आधी घड्याळ येतं, मग बूट, मग व्हॉट्सॲप ग्रुप. टॉवेलच्या गावात जन्मलेला माणूस घाम पुसायला ऑनलाइन 'मायक्रोफायबर' मागवतो. ग्रुपवर सर्वांत जास्त शिकवतो तो पळत नसतो. शास्त्र तसं सोपं आहे: दहा-बारा आठवडे हाताशी ठेवा, अंतर बेताबेतानं वाढवा, आठवड्यातून एकदा लांब पल्ला मारा आणि बोलता येईल इतक्याच वेगानं पळा. हा शेवटचा नियम सोलापूरकराला अजिबात जड नाही. पंचाईत अशी, की बोलणं सुरू झालं की पळणं थांबतं. पार्क चौकात कोणीतरी भेटतंच. "काय बे, कुठं पळूलाला?" इथून निघालेला विषय चहाच्या गाड्यावर संपतो आणि घड्याळ बिचारं मनगटावर थरथरत राहतं.

मग खाण्याचा प्रश्न. स्नायूंतली साठवलेली साखर साधारण दीड-दोन तास पुरते. नवशिक्याला अडीच तास तरी लागतात. म्हणून मधल्या तूटभरतीसाठी जेलची पाकिटं घ्यायची. घरी शेंगा आणि गूळ आहे हे आईनं सुचवून पाहिलं, पण त्यावर इंग्रजीत काही लिहिलेलं नसल्यामुळे ते बाद झालं. आदल्या रात्री कडक भाकरी आणि शेंगाचटणीला सुट्टी, पास्ता पक्का. शर्यतीच्या दिवशी नवं काही करू नये, असं याच ग्रुपनं बजावलेलं असतं. पोट हा बहुधा त्या नियमाला अपवाद असावा.

आणि हे अंतर! २१ किलोमीटर म्हटलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? नाही. २१.०९७५. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनासमोर संपली. ते भरलं ४२.१९५ किलोमीटर, आणि पुढं तेच कायम झालं. त्याचं अर्धं आपल्या वाट्याला आलं. ज्या सोलापुरानं मे १९३० मध्ये तीन-चार दिवस इंग्रजांचं राज्यच चालू दिलं नाही आणि त्यापायी मार्शल लॉ सोसला, त्या गावचा माणूस आज त्या राजघराण्याच्या खुर्चीपायी साडेसत्त्याण्णव मीटर जादा पळतो. तेही प्रवेश फी भरून.

मात्र एका गोष्टीसाठी ही शर्यत दररोज व्हावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मार्गावर दर दोन-अडीच किलोमीटरला पाणी मिळतं. उजनी धरण शंभरेक किलोमीटरवर, २०१६च्या 'स्मार्ट सिटी'च्या पहिल्याच यादीत शहराचं नाव, तरी नळाला पाणी काही दिवसांआड. शर्यतीत मात्र माणसं हात पुढं करून पेला देतात, वर टाळ्या वाजवतात. पाण्याची इतकी चोख व्यवस्था पाहून काही स्पर्धक फार पितात. तेही धोक्याचं असतं. रक्तातलं मीठ पातळ होतं. सोलापुरात जास्त पाण्यानं कोणाला त्रास व्हावा, हा चमत्कार मॅरेथॉननंच करून दाखवला.

पळायचं या गावाला नवं नाही. कापडगिरण्या चालू होत्या तेव्हा भोंगा हीच टायमिंग चिप होती. गेट बंद झालं की खाडा. त्या पळण्याचं मेडल कोणी दिलं नाही. आणि मॅरेथॉनही आपल्याकडं आजची नाही: बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. त्या वर्षी अंतर ४२.७५ किलोमीटर, नेहमीपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. ते एकोणिसावे आले. ही माहिती ग्रुपवर टाकली तर एकानं विचारलं, "त्यांचा स्ट्रावा ॲपवर आयडी आहे का?"

प्रत्यक्ष शर्यतीत नवशिका पहिले पाच किलोमीटर असा सुटतो, जणू बक्षीस पुढच्या चौकात ठेवलंय. पंधरानंतर त्याला बायकापोरं आठवतात. मार्ग सात रस्त्यावरून गेला तर फारच कठीण. एवढ्या रस्त्यांपैकी एखादा तरी घराकडं जातोच की! शेवटी तो पोचतो. मेडल गळ्यात, केळं हातात, फोटो स्टेटसवर.

"कितवा आलास?" शेजारच्या काकू विचारतात.

"काकू, इथं नंबर नसतो. फिनिश केलं की सगळ्यांना मेडल."

"म्हणजे आमच्या बालवाडीसारखंच की रे."

सोमवारी मांड्या इतक्या भरलेल्या असतात, की साहेब ऑफिसच्या जिन्यावरून कठड्याला धरून उलटे उतरतात. उतरता उतरताच पुढच्या वर्षीच्या फुल्ल मॅरेथॉनचं जाहीर करून टाकतात. मंगळवारी आई म्हणते, "गिरणीतून दळण आण जरा, कोपऱ्यावरच आहे."

"आणतो. गाडीची किल्ली कुठं ठेवलीस?"