मुंबईदर्शनाची मुखत्यारी

पाहुण्यांना मुंबई दाखविण्याची मुखत्यारी साऱ्या आप्तगोतावळ्याने एकमताने माझ्याकडे सोपविली आहे अशी माझी दृढ समजूत असल्यामुळे, पाहुणा गाडीतून उतरतो न उतरतो तोच मी त्याच्यापुढे इतिहासाची दप्तरे सोडावयास बसतो. अलिबागेकडील आमची वृद्ध मावशी आली तेव्हाही, ज्या पंचम जॉर्ज बादशहाच्या आगमनाप्रीत्यर्थ गेटवेची कमान बांधावयास घेतली तो १९११ साली येऊन गेला आणि कमान पुरी व्हावयास १९२४ साल उजाडले, हे मी मोठ्या गांभीर्याने कथन केले. "व्याही जेवून गेल्यावर मांडव घालायचा," मावशी म्हणाली, "आमच्याकडे असंच चालतं."

इराण्याकडे संगमरवरी मेजावर ब्रून मस्का मागवून, तो चहात किती वेळ बुडवावा यासंबंधीचे माझे शास्त्र मी मांडू लागताच ती म्हणाली, "दात होते तेव्हा का नाही रे बोलावलंस?"

परंतु माझ्या विद्वत्तेला खरा बहर येतो तो राजाबाई टॉवरखाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे विलायतेच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला, आपल्या कापसाला सोन्याचे मोल आले, समुद्र बुजवून जमीन करू पाहणाऱ्या कंपन्यांच्या भागांचा सट्टा माजला, आणि १८६५ साली युद्ध संपताच ज्यांचे दिवाळे वाजले त्यांत सट्ट्याचे सम्राट प्रेमचंद रायचंद हेही होते. तथापि तत्पूर्वीच त्यांनी विद्यापीठास दिलेल्या देणगीतून, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा हा २८० फुटी मनोरा १८७८ साली पुरा झाला, आणि त्याचा आराखडा करणाऱ्या गिल्बर्ट स्कॉटने तर हिंदुस्थानात कधी पाऊलही ठेवले नाही. हे सारे मी अशा ऐटीत सांगतो की, ते युद्ध माझ्याच सल्ल्याने थांबले असे ऐकणाऱ्यास वाटावे. मावशीने मान वर करून विचारले, "घड्याळ बरोबर आहे ना? मग आता भाऊच्या धक्क्यावर ने."

तेथे मी कोणाही पाहुण्यास नेत नसे. मासळीचा दर्प माझ्या रसिकतेस मानवत नाही. तरीही, हा धक्का बांधणाऱ्या लक्ष्मण अजिंक्य ऊर्फ भाऊंचे चरित्र मी वाटेतच जुळवून ठेवले होते. ते ओठांवरच राहिले. १७ जुलै १९४७ रोजी येथूनच 'रामदास' बोट रेवसला निघाली आणि गटारीसाठी घरी परतणाऱ्या माणसांसह काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. तारीख मला पाठ होती. त्या बोटीत मावशीचे वडील होते, आणि परकरी पोर असलेली मावशी रेवसला त्यांची वाट पाहत उभी होती, हे मात्र घरात कोणी कधी बोललेच नव्हते.

"बाबा कोणत्या पायऱ्या उतरले असतील रे?" तिने विचारले.

मुखत्यारांजवळ याचे उत्तर नव्हते. तिने ते मागितलेही नाही, पाण्याकडे पाहून झाल्यावर पदर खोचून ती थेट एका कोळणीच्या पाटीपाशी गेली आणि पापलेटाचे कल्ले उचकटून पाहत म्हणाली, "मासा आमच्या दर्यातला, आणि भाव तुझ्या मुंबईचा होय गं? निम्म्यात दे."

कोळीण हटेना. मावशीही हटेना. मला पिशवी आणावयास पिटाळण्यात आले.