चालू वर्षी सुरू केलेले उपक्रम

आमच्या शिक्षणखात्यावर आणि त्याच्या पाठच्या भावंडांवर, म्हणजे आरोग्य, महिला-बालकल्याण, समाजकल्याण इत्यादी लोकोपकारी खात्यांवर, आजवर जे नानाविध आरोप झाले त्यांपैकी बहुतेकांचा प्रतिवाद करण्याची आमची छाती नाही. परंतु या खात्यांपाशी कल्पकता नाही, असा जो एक आक्षेप अधूनमधून कानी येतो, तो मात्र धादांत खोटा आहे, हे आम्ही कोणत्याही कचेरीत शपथेवर सांगावयास तयार आहो. खडू-फळा योजना, सर्व शिक्षा अभियान, प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र, समग्र शिक्षा, निपुण भारत अशी एकामागून एक बारशी ज्या घरात झाली, आणि एक मूल रांगू लागण्यापूर्वीच पुढच्या बारशाच्या घुगऱ्या जेथे शिजत पडल्या, त्या घराला वांझ म्हणणाऱ्याच्या बुद्धीची कीवच केली पाहिजे. प्रश्न आहे तो एवढाच की, आधीची मुले पुढे कोठे गेली, आणि तो विचारणे या घरी शिष्टसंमत नाही.

खोट आहे ती आपल्या रीतिरिवाजात. भूमिपूजनाला कुदळ आहे, कोनशिलेला संगमरवर आहे, शुभारंभाला फीत, कात्री आणि कात्रीखालचे तबक आहे. पण एखादे काम सातव्या वर्षीही पहिल्या वर्षाइतकेच नीट चालले आहे, म्हणून नारळ वाढविण्याची चाल आमच्यात पूर्वापार नाही, आणि ज्या कामाला नारळ नाही त्याला पाहुणा नाही, पाहुणा नाही म्हणून छायाचित्र नाही, व छायाचित्र नाही त्या कामाचा अहवाल वर पाठविणार तरी कसा?

सुरू करून सोडून देण्याच्या या शास्त्राचा आद्य प्रयोग पाहावयाचा तर साताऱ्यास जावे. त्या जिल्ह्यात 1959 साली ग्रामशिक्षण मोहीम निघाली. तीन ते सहा महिन्यांत अवघा गाव साक्षर करावयाचा, की पुढच्या गावी कूच, असा तिचा खाक्या होता. आणि उपहास बाजूला ठेवून सांगावयाचे तर, कंदिलाच्या उजेडात म्हाताऱ्याकोताऱ्यांनी पाटीवर आपले नाव गिरविले, ही त्या काळच्या मानाने लहान गोष्ट नव्हती. गाव साक्षर झाला की ग्रामगौरव समारंभ होई. मोहिमेची कीर्ती झाली, ती साऱ्या राज्यभर पसरली, आणि मग जे व्हावयाचे तेच झाले. शिकलेले अक्षर वापरावयास वाचनालय हवे, वाचनालयाला पुस्तक हवे, पुस्तक उघडून देणारे माणूस हवे, आणि ते माणूस समारंभानंतरही गावात राहावयास हवे, या पाठपुराव्याची तरतूद तोकडी पडली. तेव्हा अंगठ्यावरून सहीवर आलेली कितीतरी मंडळी, कोणालाही तसदी न देता, सहीवरून अंगठ्यावर परतली. हे परतणे मोठे सभ्यपणाचे असते. विसरलेल्या अक्षराचा आवाज होत नाही. आणि ‘आज आमचा गाव पुन्हा निरक्षर झाला’ असा समारंभ कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

खडू-फळा योजनेची गोष्ट याहून सरस. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकविण्याचे साहित्य मिळावे, अशा सद्धेतूने 1987 साली ती केंद्र सरकारने काढली. तिच्यातून आलेली एक लोखंडी पेटी पाहण्याचा योग आम्हांस बऱ्याच वर्षांनी एका शाळेत आला. तोही दोन खेपा फुकट गेल्यावर, कारण पेटीची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असे आणि मुख्याध्यापक माहिती भरावयास तालुक्याला असत. तिसऱ्या खेपेस झाकण करकरत उघडले. आत नकाशांच्या गुंडाळ्या होत्या, कागदात गुंडाळलेल्या झांजा होत्या, आणि मेणकापडाच्या वेष्टनात एक पृथ्वीचा गोल होता, ज्याच्यावर सोव्हिएत संघ अद्याप अखंड नांदत होता! 1991 साली सारे जग उलथून गेले, पण त्या गोलाला एकाही पोराचे बोट लागले नसल्यामुळे त्या साम्राज्याच्या केसालाही धक्का लागला नव्हता. आम्ही मुख्याध्यापकांकडे पाहिले. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, मुलांच्या हाती दिले असते तर फुटले असते. फुटले असते तर वसुली माझ्या पगारातून झाली असती. मी चार्ज घेतला तेव्हा सत्तावीस नग होते, देईन तेव्हा सत्तावीस नगच देईन.” आणि त्यांनी ज्या वहीत ते सत्तावीस नग दाखविले, तिच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : डेड स्टॉक रजिस्टर. शुद्ध मराठीत, जडवस्तुसंग्रह नोंदवही. इतके प्रामाणिक शीर्षक सरकारी दप्तरात दुसरे नसेल.

पुनः साताऱ्याकडेच वळू. कारण त्या जिल्ह्याला चांगले काही करून दाखविण्याची खोडच आहे. तेथल्या कुमठे बीटातील जिल्हा परिषदेच्या शाळांत, मूल स्वतः हाताळून, चुकून, एकमेकांना विचारून शिकते या तत्त्वावर, काही वर्षे निगुतीने काम झाले, आणि त्याची कीर्ती होऊन गावोगावचे शिक्षक ते पाहावयास जाऊ लागले. 22 जून 2015 रोजी प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला, आणि मग तर त्या वाटेवर गाड्यांची रीघच लागली. पाहुण्यांनी काय पाहिले? फरशीवर रंगविलेल्या आकृत्या पाहिल्या, भिंतीवरचे तक्ते पाहिले, त्यांचे फोटो काढले, आणि स्वस्थानी परतून, गावाकडून वर्गणी काढून, फरश्या रंगविल्या. शिक्षकांनी महिनोन्‌महिने एकत्र बसून ‘माझ्या वर्गातल्या या एका पोराला वजाबाकी का येत नाही’ यावर जो खल केला असेल, त्याचा काही फोटो निघत नाही; ऑईलपेंटचा निघतो. पुढे पावसाळे गेले, रंगाचे पोपडे उडाले. एका शाळेत तर आम्ही बोलक्या भिंतीवरचा ‘ज्ञ’ अर्धा गळालेला पाहिला, आणि ज्ञानाची ही अवस्था पाहून आमचेही डोळे पाणावले.

माणसाचे महत्त्व खाते जाणत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. ते इतके जाणते की, काम करणारे माणूस एका जागी मुरले, पालकांना ओळखू लागले, की त्याची बदली करते. नवा गडी येतो, त्याचे नवे राज्य येते, आणि पूर्वीच्या गड्याचे राज्य कपाटातल्या फायलीत, वर सुतळी बांधून, अभिलेखागारात रवाना होते. कार्यक्रमाची गर्दी तर एवढी की, 15 ऑक्टोबर या एकाच तारखेस डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनानिमित्त वाचन प्रेरणा दिन असतो आणि जागतिक हात धुवा दिनही असतो; त्यामुळे निदान त्या दिवशी तरी पुस्तकांना धुतलेले हात लागतात, हा योगायोग आम्ही शुभ मानतो. सोळा तारखेचे विचारू नये.

सुरू केलेले टिकत नाही, या नियमाला अपवाद एकच : खिचडी. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्राने शालेय पोषण आहाराची योजना सुरू केली तेव्हा आमच्याकडे मुलांना महिन्याकाठी तीन किलो तांदूळ घरी न्यावयास मिळत. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘शिजवून वाढा’ असा हुकूम दिला, आणि तेव्हापासून ही योजना मरता मरत नाही. तांदूळ उशिरा येतो, इंधनाची बिले थकतात, स्वयंपाक करणाऱ्या बायांचे मानधन अल्प आणि तेही वाट पाहावयास लावणारे, तरी खिचडी शिजते. 2021 साली तिचे नाव बदलून पाहिले. तरी पोरे तिला खिचडीच म्हणतात. जाणकार या चिवटपणाची कारणे नाना सांगतील. आमच्या मते कारण एकच, ते असे की, या योजनेचे लेखापरीक्षण रोज दुपारी होते, आणि ते करणारे साठ-सत्तर लेखापरीक्षक हातात ताटल्या घेऊन ओळीने बसलेले असतात. एक दिवस खिचडी चुकली तर ताटल्यांचा असा गजर होतो की तो सरपंचाच्या ओसरीपर्यंत जातो. वाचनाची भूक तशी नसते. ती मेली तर पोर उलट शांत बसते, आणि शांत बसलेल्या पोरावर कोणता साहेब शेरा मारणार?

आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. ते गेली अकरा वर्षे दर शनिवारी शाळा सुटल्यावर आपल्या मुलांना अर्धा तास गोष्टी वाचून दाखवितात आणि मग मुलांकडून वाचून घेतात. त्यापलीकडे त्यात काही नाही. पुस्तके जुनी, सतरंजी विरलेली, आणि चौथीतले झाडून सारे पोर घडघडा वाचते. मागे एका जूनमध्ये वरून एक विवरणपत्र आले. त्यात रकाना होता, ‘चालू वर्षी सुरू केलेले नावीन्यपूर्ण उपक्रम’. गुरुजी सत्यवचनी, त्यांनी ‘निरंक’ असे लिहिले, आणि आठवड्याच्या आत त्यांस खुलासा मागविणारे पत्र आले.

तेव्हापासून गुरुजी शहाणे झाले आहेत. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ते गोष्टींचा तास विधिपूर्वक बंद करतात, तशी नोंद करतात, आणि जूनमध्ये केंद्रप्रमुखांच्या हस्ते फीत कापवून तोच तास, त्याच सतरंजीवर, नव्या नावाने सुरू करतात. यंदाचे नाव ‘शब्दसूर्योदय’ होते. पुढच्या वर्षासाठी काही सुचते का, म्हणून ते परवा आमच्याकडे आले होते. नावातल्या अक्षरांचा इंग्रजीत काही अर्थ निघाला तर बरे, असेही म्हणाले. फीत मात्र नवी आणावी लागत नाही. कापलेली दोन्ही टोके मध्ये गाठ मारून ते जपून ठेवतात, आणि डेड स्टॉक रजिस्टरात ती एक नग म्हणून चढविली आहे.