षड्ज वर्ज्य

जॅझच्या क्लासची फी साध्या गिटार क्लासपेक्षा जास्त असते आणि तिथे कमी वाजवायला शिकवतात. साध्या क्लासात सहाच्या सहा तारा खणखणीत वाजल्या की शाबासकी. पहिल्या फ्रेटवर तर्जनी आडवी दाबून धरायचा तो एफचा बार कॉर्ड, ज्याच्यापायी कित्येकांच्या गिटारी माळ्यावर गेल्या, तो मी मनगट सुजवून कमावला होता. आमच्या सरांनी (मूळचे गोव्याचे, मुक्काम माहीम) तो शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "छान. आता यातलं काढायला लागू."

आधी पंचम गेला. कॉर्ड मेजर की मायनर हे तो सांगत नाही, मग बोट कशाला अडवायचं? मग षड्जही गेला. "तो बेसवाला वाजवतो. तुम्ही त्याच्या कामात पडू नका." उरला गांधार, आणि त्याच्या जोडीला आला कोमल निषाद. चौथ्या तारेवर सातवा फ्रेट, तिसरीवर आठवा: झाला एफ सेव्हन. दोन्ही बोटं एक फ्रेट मागे घेतली की बी फ्लॅट सेव्हन. मूळ जागेवरून एक फ्रेट पुढे नेली की सी सेव्हन. ब्लूजचे तीन मुख्य कॉर्ड इथे संपले. त्यातही मौज अशी, की बी फ्लॅटवर जाताना निषादवालं बोट गांधार होतं आणि गांधारवालं निषाद. माणसं तीच, नुसता खातेपालट.

हे सगळं घरी नानांच्या कानांवर पडत होतं. नाना म्हणजे माझे सासरे. तानपुऱ्याशिवाय ते शिंकतसुद्धा नाहीत.

"जावईबापू, षड्ज-पंचम हे अचल स्वर. तानपुरा लावतात तो त्यांच्यावर. तुमच्या सरांनी नेमके तेच काढले?"

पंचमापुरती तडजोड झाली असती. मालकंसात तो वर्ज्य आहे, मारव्यातही आहे. पण षड्ज वर्ज्य असलेला राग कुणी ऐकलाय? मी म्हणालो, "नाना, तो वाजवला नाही तरी कानाला जाणवतो."

"आमचा तानपुरा सा आणि प वाजवतो, आणि नीट लागला तर गांधार आपोआप ऐकू येतो. तुम्ही गांधार वाजवणार आणि षड्ज आपोआप येईल म्हणून बसून राहणार!"

जॅझच्या कॉर्डांबद्दल इतकं नेमकं मला सरांनीही सांगितलं नव्हतं. नानांना मी तसं कळू दिलं नाही. उलट उत्साहात पुढचा धडा सांगून बसलो: सी सेव्हनचे ते दोन स्वर, ई आणि बी फ्लॅट, जी फ्लॅट सेव्हनचेही तेच. त्यामुळे माझी बोटं जागची हलत नाहीत आणि बेसवाला खाली सी वाजवू शकतो किंवा खुशाल जी फ्लॅट.

"म्हणजे षड्ज नाही, आणि कुठला नाही तेही ठरलेलं नाही," नाना म्हणाले आणि पेपर उघडला.

त्यांना पटवायला मी फ्रेडी ग्रीनचा दाखला दिला. १९३७ साली काउंट बेसीच्या बँडमध्ये आले ते १९८७ मध्ये मरेपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं, साध्या अकूस्टिक गिटारवर प्रत्येक बारला चार ठोके देत राहिले. सोलो जवळपास नाहीच. पुष्कळदा कॉर्ड धरलेला तीन स्वरांचा, आणि ऐकू येणारी तार एकच.

"पगार पूर्ण?" नानांनी विचारलं.

तालाचं मात्र जमेल असं वाटलं होतं. ब्लूजचे बार बारा, एकतालाच्या मात्रा बारा. पण इथे एकेका बारला चार ठोके, म्हणजे आवर्तन अठ्ठेचाळीसचं, आणि टाळी दुसऱ्या-चौथ्यावर. नाना एकवर मांडी ठोकतात, मी दोनवर पाय आपटतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी भांडणाची चौकशी केली.

मग सरांनी दिलेलं चार्ली पार्करचं 'ब्लूज फॉर अ‍ॅलिस' १९५१ चं. बार तेच बारा, पण बहुतेक ठिकाणी दोन ठोक्यांत कॉर्ड बदलतो. मी पाचव्या बारात पोहोचतो तेव्हा रेकॉर्ड नवव्यात असते. त्याच १९५१ साली मुंबईत सी. रामचंद्र ऊर्फ चितळकर अण्णांच्या संगीताचा 'अलबेला' सिनेमा आला, आणि त्यात गोव्याचे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट आपल्या बँडसकट झळकले. 'अलबेला' नानांचा जीव की प्राण. मी म्हणालो, हा ट्रम्पेट जॅझवाल्याचाच.

"असेल. पण चितळकर अण्णांनी षड्ज ठेवला होता."

तेव्हा वाचकांपैकी कुणी बेस वाजवत असेल, तर कृपया कळवा. मानधन नाही, चहा आहे. षड्ज मात्र ज्याचा त्याने आणायचा, आणि तो कोणता हे नानांसमोर सांगायचं नाही.