तासाची नोकरी, अर्धा कोयता

तिसगावात हमरस्त्याच्या कडेला बसलेला पदवीधर पोरगा स्वतःला बेकार समजतो. साफ गैरसमज! गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर त्याने घरच्या दुकानात पोती उतरवली असतील, तर देशाच्या श्रमबल सर्वेक्षणाच्या साप्ताहिक मोजमापात तो कामावर आहे. पगार? घरच्या धंद्यात फुकट राबणाराही 'स्वयंरोजगारी'तच धरतात. वर्षाचा हिशेब जरा कडक. तिथे जोडकाम म्हणून निदान तीस दिवस लागतात. त्या हिशेबाने देशातली बेरोजगारी २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होती, २०२३-२४ मध्ये ती ३.२ झाली. पोराच्या लग्नाच्या बायोडाट्यात हे लिहायला हरकत नाही. मुलीकडचे मात्र अजून जुन्याच पद्धतीने चौकशी करतात.

आमच्या पाथर्डी तालुक्यातला ऊसतोडीचा मुकादम उलटा. सरकार तासाला माणूस मोजतं, तो दोन माणसांना एक मोजतो. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. दोघं मिळून एक कोयता. आगाऊ पैशाची उचल कोयत्यावर, सही नवऱ्याची. म्हणजे मुकादमाच्या वहीत बाई अर्धी, आणि सर्वेक्षणात अख्खी. २०२३-२४ मध्ये महिलांचा श्रमसहभाग ४१.७ टक्क्यांवर पोचल्याचा आनंद तिला कुणीतरी फडात जाऊन कळवावा. तिचं उत्पन्न मात्र विचारू नये. ते उचलीत आधीच वळतं झालेलं असतं.

प्रगणक साहेबांना एकच विनंती: दिवाळीनंतर याल, तर सगळे ऊसतोडीला गेलेले, घरांना कुलपं असतील. ती 'रोजगार' या रकान्यात धरा.